तीस हिश्श्यांचा वाडा

‘वाडा चिरेबंदी’ पाहून नाट्यगृहाबाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा दोन गोष्टी बरोबर घेऊन जातो. एक, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. आणि दुसरी, अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यांना वेळ विचारणारी दादी. महेश एलकुंचवारांच्या या नाटकावर गेल्या चाळीस वर्षांत जे लिहिले-बोलले गेले त्यातही या दोन खुणा हटकून येतात. ट्रॅक्टर म्हणजे न झेपलेली आधुनिकता, दादी म्हणजे थिजलेला काळ, आणि वाडा म्हणजे कोसळत चाललेली सरंजामी व्यवस्था. हे वाचन चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांना नाटक शिकवताना मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. परंतु ‘व्यवस्था कोसळली’ असे म्हटले की एक सोय होते. कोसळणाऱ्या छपराखाली कोण कुठे उभे होते, हे मग सांगावे लागत नाही. या वाड्याचे मालक कोण आणि त्यात प्रत्येकाचा हिस्सा किती, हा तलाठ्याच्या दप्तरात शोभणारा रुक्ष प्रश्न आपल्या समीक्षेत विचारलेला निदान माझ्या वाचनात आलेला नाही. तो विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाटक १९८५ चे. विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही दोन नाटके त्याला जोडली गेली, आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’तर्फे ही त्रिनाट्यधारा सलग सादर केली. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या चार पिढ्या त्यात आहेत. पहिल्या नाटकाच्या आरंभी तात्याजी नुकतेच वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली घरी येतात. थोरला भास्कर आता घराचा कर्ता आहे. वहिनी त्याची बायको. धाकटा चंदू घरातली सगळी कष्टाची कामे निमूट उपसतो. प्रभा लग्नाची राहिली आहे, तिला शिकायचे होते, तेही राहिले. भास्करची मुले पराग आणि रंजू. आई आहे, तात्याजींची आई, म्हणजे दादी, आहे. तेराव्याचे जेवण घराण्याच्या इतमामाला साजेसे झाले पाहिजे आणि त्याला पैसा नाही, या पेचावर पहिले नाटक उभे आहे.

एलकुंचवारांचा जन्म १९३९ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, जमीनदार घराण्यातला. म्हणून नाटकातला वाडा म्हणजे त्यांचाच वाडा, असे गणित मांडण्याचे कारण नाही. पण वऱ्हाडातले असे वाडे कशावर उभे होते, हे ठाऊक असले तर नाटक वेगळे दिसू लागते. देशमुख आणि देशपांडे हे परगण्याचे वतनदार. देशमुखाकडे कारभार, देशपांड्याकडे दप्तर. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, वसुलीची नवी यंत्रणा आली आणि परगण्याच्या दप्तराला काम उरले नाही. आडनाव राहिले, मान राहिला, जमीन राहिली. म्हणजे देशपांड्यांचा ‘ऱ्हास’ नाटकाचा पडदा उघडण्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू झालेला होता. मधल्या काळात घराण्याला तोलून धरले ते जमिनीने, आणि ती कसणाऱ्यांनी. पुढे विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा आला, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, आणि जमिनीचाही आधार खचला. मग उरला वाडा. जमीन गेली तरी ज्यावर नाव सांगता येते अशी ती शेवटची वस्तू. नाटकातली माणसे वाड्याला एवढी का चिकटून आहेत, याचे उत्तर ‘परंपरेचा अभिमान’ या शब्दांत पुरते मावत नाही. त्यांच्याकडे दुसरे काही उरलेलेच नाही.

आता हिस्से. वाडा वडिलोपार्जित, कुटुंब एकत्र, तात्याजींनी मृत्युपत्र केलेले नाही आणि आधी वाटणी झालेली नाही असे धरू. नाटक याच्या उलट काही सुचवत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, तात्याजींच्या मृत्यूच्या क्षणाआधी घराची वाटणी झाली अशी कल्पना करायची. त्या कल्पित वाटणीत बाप, त्याची बायको आणि तीन मुलगे असे पाच समान हिस्सेदार. तात्याजींच्या वाट्याला आलेला पाचवा हिस्सा मग त्यांच्या वारसांत सारखा वाटायचा. वारस सहा: आई म्हणजे दादी, बायको, तीन मुलगे आणि मुलगी. एक पंचमांशाचे सहा भाग केले की प्रत्येकी एक तिसांश येतो. म्हणून वाड्याचे तीस हिस्से करू. भास्करचे सात, सुधीरचे सात, चंदूचे सात, आईचे सात. प्रभाचा एक. दादीचा एक. वहिनीचा काही नाही, अंजलीचा काही नाही, रंजूचा काही नाही. पराग आणि अभय या नातवांचा आपापल्या बापाच्या हिश्श्यात जन्मसिद्ध हक्क. रंजू परागच्याच पाठची असून तिला तो नाही.

हा हिशेब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. ‘गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडप्पा मगदूम’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल याच रीतीने चालतो. खंडप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि जंगम मालमत्ता यांत चोवीसांपैकी सात हिस्से मागितले. वाद इतकाच होता, की नवऱ्याच्या हिश्श्यातला वाटा तर विधवेला मिळेलच, पण कल्पित वाटणीत तिचा म्हणून जो हिस्सा येतो तो खरोखर द्यायचा की कल्पनेतच ठेवायचा? न्यायालयाने तो खरा मानला. हिराबाईंना सात हिस्से मिळाले. त्याच हिशेबाने त्यांच्या तीन मुलींच्या वाट्याला प्रत्येकी चोवीसातला एक येत होता. हा निकाल लागल्याला सात वर्षे झाल्यावर ‘वाडा चिरेबंदी’ आले. धरणगावच्या आईंच्या हातात भास्करइतकाच वाडा होता हे आईंना माहीत होते का? नाटकभर त्या ज्या अधिकाराने बोलतात तो आईपणाचा, वडीलकीचा. मालकीणपणाचा नव्हे. सात हिश्श्यांची ही बाई घरात परवानगी दिल्याघेतल्यासारखी वावरते. मला तरी ही गोष्ट ट्रॅक्टरपेक्षा अधिक बोलकी वाटते.

आणि प्रभा व दादी यांचा हिस्सा बरोबर सारखा आहे. नाटकाच्या रचनेत या दोघी दोन टोकांना आहेत. एकीचे आयुष्य संपत आलेले, दुसरीचे सुरूच न झालेले. एक वेळ विचारत राहते. दुसरीची वेळ टळून गेली आहे. हे साम्य एलकुंचवारांनी काही वारसा कायदा उघडून रचलेले नसणार. पण चांगल्या लेखकाला ज्या घराची नस सापडते त्या घराचे कायदेही त्याला न वाचता सापडतात, असे मी मानतो.

तिसावा तर तिसावा, तो प्रभाने मागितला असता तर? इथे कायद्याचे तेविसावे कलम आडवे येते. कुटुंबातली माणसे राहत असलेल्या घरात स्त्री वारसाला हिस्सा आहे, परंतु पुरुष वारस आपापसांत वाटणी करायचे ठरवीपर्यंत तिला ती मागता येणार नाही, असे ते कलम होते. तोवर तिला तिथे राहण्याचा हक्क. मुलीच्या बाबतीत तोही ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. घराचे तुकडे होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. फक्त घर अखंड ठेवण्याची किंमत कोणी भरायची हे आधीच ठरवलेले होते. विधी आयोगाने २००० सालच्या १७४ व्या अहवालात हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली आणि २००५ मध्ये ते गेले. म्हणजे १९८५ च्या प्रभाची कायदेशीर स्थिती अशी: वाड्यात राहायचे असेल तर लग्न न करता राहा, लग्न केलेस तर राहण्याचा हक्क गेला, आणि हिस्सा हवा असेल तर भावांची भांडणे होईपर्यंत थांब. प्रभाच्या कडवटपणाला मानसशास्त्रातली नावे देण्याआधी हे कलम एकदा वाचायला हरकत नाही. वाड्याच्या भिंती तिच्यासाठी जेवढ्या चिरेबंदी आहेत तेवढ्या नाटकातल्या दुसऱ्या कोणासाठीच नाहीत.

दुसरा मुद्दा तेराव्याचा. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला सामाईक मिळकत विकण्याचा अधिकार केव्हा, याची एक यादी आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. १८५६ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या हनुमानप्रसाद खटल्यापासून तिच्यावर न्यायालयांचे संस्कार होत आले. ‘कुटुंबाची गरज’ हा तिचा मथळा. सरकारदेणे, कर्ज, कुटुंबाचे पालनपोषण, मुलग्यांची आणि मुलींची लग्ने, कोर्टकचेरीचा खर्च, आणि मृताचे आवश्यक अंत्यसंस्कार व कुटुंबातले विधी, एवढे त्यात बसते. ‘आवश्यक’ या शब्दावर अवघे गाव जेवू घालणे कितपत टिकले असते, ते वकिलांनी सांगावे. तरीही भास्कर जेव्हा बापाच्या तेराव्यासाठी वाड्याचा भाग विकायला निघतो तेव्हा तो केवळ खोट्या प्रतिष्ठेचा बळी नसतो. तो जुन्या यादीतल्या एका नोंदीवर बोट ठेवून उभा असतो. त्याच यादीत मुलीचे लग्न आहे. मुलीचे शिक्षण नाही. तात्याजींनी प्रभाला पुढे शिकू दिले नाही आणि तात्याजींच्या मागून वाडा विकला जातो तो तात्याजींसाठीच, यातली विसंगती नाटकाने दाखवलेली आहे. ती केवळ देशपांड्यांच्या घरची नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता दागिन्यांकडे येऊ, कारण नाटकाचे खरे नाट्य तिथे आहे. वाड्यात पैसा नाही, पण घराण्याचे सोने आहे आणि ते भास्करच्या ताब्यात आहे. रात्रीच्या एकांतात वहिनी ते अंगावर घालते, हा प्रसंग ज्याने रंगमंचावर पाहिला त्याला तो विसरणे अशक्य. गतवैभवाची शेवटची झळाळी, असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. मला या प्रसंगात झळाळीपेक्षा ताबा दिसतो. तीस हिश्श्यांच्या वाड्यात शून्य हिस्सा असलेली ही बाई. सून म्हणून आली, राबली, उंबरठ्याआड म्हातारी होत चालली. वाड्यात तिच्या मालकीचे काय? स्त्रीधन म्हणावे, तर घराण्याचे पिढीजात दागिने सणावाराला सुनेच्या अंगावर चढले म्हणून तिचे होत नाहीत. ते सामाईकच राहतात. माहेरून आलेले तिचे, सासरच्या पेटीतले पेटीचे. म्हणजे तो क्षण कायद्याच्या भाषेत मालकीचा नाहीच, फक्त वहिवाटीचा आहे, तोही एका रात्रीचा. तिला हे माहीत आहे. म्हणून ती ते दिवसा घालत नाही.

आणि मग रंजू. शिकवायला येणाऱ्या मास्तराबरोबर ती दागिने घेऊन पळून जाते आणि सोने परत येत नाही. रंजूला बंडखोर नायिका करण्याचा मोह आवरायला हवा. ती सिनेमाने भारलेली, अभ्यासात मागे पडलेली, फसवली गेलेली पोर आहे, आणि एलकुंचवारांनी तिला तेवढीच ठेवली आहे हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण घरातले सगळे तिला चोर ठरवतात तेव्हा कोणाच्याच मनात येत नाही, की या घराने तिच्यासाठी दुसरे काय ठेवले होते? परागला न मागता वाडा मिळणार आहे. रंजूला लग्नात जे अंगावर घालतील ते. तिने ते लग्नाआधी नेले. जिन्नस तोच, मुहूर्त चुकला.

माझ्या या हिशेबावर मला स्वतःलाच एक मोठा आक्षेप दिसतो, आणि तो बाजूला सारून पुढे जाणे बरे नाही. तो आक्षेप म्हणजे चंदू. कागदावर चंदूचे सात हिस्से. भास्कर आणि सुधीर यांच्याइतकेच. प्रत्यक्षात त्याचे जगणे घरगड्याचे. त्याला कोणी काही विचारत नाही, तो काही मागत नाही. हिश्श्यावरून माणसाचे घरातले स्थान कळते असे माझे म्हणणे असेल तर चंदू ते एका फटक्यात खोटे पाडतो. सात हिस्से असूनही तो नोकर, आणि आई सात हिस्से असूनही परावलंबी. मग प्रभाला एकाऐवजी सात मिळाले असते तर काय फरक पडला असता? याचे पक्के उत्तर मजजवळ नाही. इतके म्हणता येईल, की चंदूला कोणत्याही दिवशी तोंड उघडून वाटणी मागता आली असती आणि कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला असता. त्याचे मुकेपण त्याच्या स्वभावाचे, घराच्या वळणाचे, कदाचित प्रेमाचेही आहे. प्रभाने तोंड उघडले असते तरी तिला थांबायलाच सांगितले गेले असते. नाटककाराने दोघांना एकाच छपराखाली ठेवून दोन वेगळ्या मुक्यांचे चित्र काढले. हिश्श्यांचा हिशेब त्या दोघांमधला फरक दाखवतो, चंदूचे दुःख समजावून सांगत नाही. त्यासाठी नाटकाकडेच जावे लागते.

हिशेबात आणखीही एक मोठी फट आहे. तीस हिस्से करताना मी फक्त देशपांडे मोजले. ज्यांनी चिरे वाहिले, ज्यांच्या खंडावर ओसरीवरच्या पंगती उठल्या, ज्यांना दिंडीदरवाजातून आत येताना पायताण हातात घ्यावे लागले, ते वारसांच्या कुठल्याच यादीत नसतात. त्रिनाट्यधाराही त्यांना फारसे आत घेत नाही. मला ही तिची मर्यादा वाटते. मात्र वाड्याच्या आतून पाहणाऱ्या नजरेला जेवढे दिसते तेवढेच तिने दाखवले आणि न दिसणाऱ्याचा आव आणला नाही, हेही तितकेच खरे.

‘वाडा चिरेबंदी’ची तुलना चेकॉव्हच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’शी करण्याची आपल्याकडे चाल आहे. उतरती कळा लागलेले जमीनदार, वर येणारा व्यापारी, विकली जाणारी वास्तू. साम्य उघड आहे. पण १९०४ च्या त्या नाटकात बाग लिलावात जाते, सबंध जाते आणि एका दिवसात जाते. तिथली मालकीण राणेव्हस्काया ही बाई आहे. रशियात विवाहित स्त्रीला स्वतःची मिळकत विकण्याचा अधिकार अठराव्या शतकापासून होता. ती बाग उधळते, कारण उधळायला ती तिची आहे. आमच्या वाड्याची गोष्ट निराळी. तो जातो तुकड्यातुकड्याने आणि उरतोही तुकड्यातुकड्याने. ज्या बाया त्याच्यापायी संपतात त्यांना तो विकताही येत नाही.

मला अधिक जवळचे वाटते ते टोमास मानच्या १९०१ च्या ‘बुडेनब्रोक्स’मधले घर. ल्यूबेक शहरात मेंग रस्त्यावर ४ क्रमांकाचे घर आजही दाखवतात. ते बांधले १७५८ साली. मानच्या आजोबांच्या काळात, १८४२ च्या सुमारास, ते मान कुटुंबाकडे आले आणि १८९१ मध्ये विकले गेले. १९४२ च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात ते बेचिराख झाले; दर्शनी भिंत आणि तळघर तेवढे वाचले. त्या भिंतीमागे नवी इमारत उठवून तिथे मान बंधूंचे संग्रहालय उभे राहिले. म्हणजे ल्यूबेकला जाणारा वाचक कादंबरीतल्या घराचा फक्त दर्शनी चेहरा पाहून येतो. आत सगळे नंतरचे.

कादंबरीचे उपशीर्षकच एका कुटुंबाचा ऱ्हास असे आहे. ती उघडते १८३५ मध्ये, नव्या घराच्या मेजवानीने. पाहुणे जेवताहेत, दारू वाहते आहे, आणि त्याच रात्री घरात एक पत्र येऊन पडलेले आहे. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेला थोरला सावत्र मुलगा गॉटहोल्ड या घराच्या खरेदीत आपला वाटा मागतो आहे. मान पहिल्याच भागात हिश्श्याचा प्रश्न मेजावर ठेवतो आणि पुढे पिढ्यान् पिढ्या हुंडे, वारसे, दिवाळी आणि वाटण्या आकड्यांनिशी सांगत राहतो. व्यापाऱ्याच्या घरची कादंबरी, तिला आकड्यांची लाज नाही. घराण्याच्या नोंदवहीत टोनी स्वतःच्या वाङ्निश्चयाची नोंद स्वतःच्या हाताने लिहिते, आणि तो हात लिहीत असताना ती नको असलेल्या नवऱ्याला होकार देत असते. तिचा हुंडा त्या नवऱ्याच्या दिवाळखोरीत बुडतो. पुढे आईच्या मृत्यूनंतर घर विकायची वेळ येते आणि ते हागेनश्ट्रोम या प्रतिस्पर्धी घराण्याकडे जाते, तेव्हा सर्वांत जास्त रडते ती टोनीच. घरातले जिचे सर्वांत कमी, तीच त्याची सर्वांत निष्ठावंत राखणदार. टोनी आणि आपल्याकडची माहेरवाशीण यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

फरक आहे तो कथनाच्या रीतीत. मान हिशेब दाखवतो, एलकुंचवार लपवतात. मला बराच काळ ही उणीव वाटत होती. आता वाटते, आपल्या घरांत हिश्श्याचा उच्चार हाच अपशकुन मानला जातो, म्हणून नाटकात तो तसा उच्चारला जात नाही. वाटणीची भाषा उघडपणे बोलली गेली असती तर हे वऱ्हाडातल्या देशपांड्यांचे घर राहिले नसते. लेखकाने आकडे गिळले आणि त्यांच्या जागी दागिने, ट्रॅक्टर, तेराव्याचे पान अशा वस्तू मांडल्या. प्रेक्षक वस्तू पाहतो. आकडे त्यांच्या पोटात असतात. समीक्षेने मात्र वस्तूंची प्रतीके केली आणि आकडे तसेच राहू दिले.

पुढच्या दोन नाटकांबद्दल थोडक्यात लिहितो. ‘मग्न तळ्याकाठी’त पराग घराचा कारभारी झाला आहे, हाती पैसा आहे, वाडा पुन्हा सावरल्यासारखा दिसतो. ‘ऱ्हास’ या एका शब्दात त्रिनाट्यधारा बसवणाऱ्यांना हे नाटक नेहमीच थोडे अडचणीचे होते, ते याच कारणाने. वाडा पडत नाही, हात बदलतो; आणि तो हात पुन्हा थोरल्या मुलाच्या थोरल्या मुलाचाच असतो. ‘युगान्त’ दुष्काळाने करपलेल्या भूमीवर पराग आणि अभय या चुलतभावांना समोरासमोर आणते. ते तत्त्वचिंतनाकडे झुकलेले नाटक आहे आणि मला ते तिन्हींत कमी भावते. वाड्याच्या प्रश्नाला ते विश्वाचा प्रश्न करते. पण वाड्याचा प्रश्न सुटल्याशिवाय विश्वाकडे जाण्याची ही घाई पहिल्या नाटकाच्या काटेकोरपणाशी जुळत नाही. शेवटाला उरलेले संभाषण दोन पुरुष वारसांचे आहे, हे मला या मजकुरासाठी तिन्ही नाटके पुन्हा वाचेपर्यंत कधी खटकले नव्हते.

ज्या १९९४ साली या तीन नाटकांचा सलग प्रयोग झाला त्याच वर्षी, २२ जूनला, महाराष्ट्राची कायदादुरुस्ती लागू झाली आणि मुलीला जन्माने मुलाइतका हक्क मिळाला. लग्न आधीच झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. देशभर तो हक्क २००५ मध्ये आला, आणि बाप त्या वेळी हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. डॉ. गो. वि. देशमुखांचा विधवांसाठीचा १९३७ चा कायदा आणि डॉ. आंबेडकरांनी ज्या हिंदू संहितेसाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले ती संहिता, या वाटेने पाहिले तर मुलीला बापाच्या घरात भावाइतकी जागा मिळायला सत्तरएक वर्षे लागली. आजच्या हिशेबाने प्रभाचा हिस्सा एक तिसांश राहत नाही. तात्याजी, आई आणि चारही मुले असे सहा समान वाटे होतात. तात्याजींचा सहावा भाग सात वारसांत जातो, पण आता वारस सहाच, म्हणून त्याचे सहा भाग, आणि वाड्याचे छत्तीस. प्रभाचे सात, भास्करचेही सात. दादीचा मात्र तेव्हाही एक होता, आताही एकच.

‘सात वारस’ असे वर लिहून गेलो आणि लगेच दुरुस्त केले. ते खोडत नाही. हिशेब करताना मीही तात्याजींना वारसांत मोजले. वाड्यातल्या मेलेल्या माणसाचा हिस्सा सुटत नाही तो असा.

आमच्या घराण्याचा वाडाही वऱ्हाडातलाच, तालुक्याच्या गावापासून आत. चौक पडला, माळवदावर गवत उगवले, पण पुढची ओसरी आणि देवघर उभे आहे. ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली तेव्हा मिळकत पत्रिकेवर कोणाची नावे लागणार हे पाहायला मी जुनी कागदपत्रे काढली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वडिलांचे आणि काकांचे नाव होते. चार आत्यांची नव्हती. ट्रंकेत खाली त्याचे कारण सापडले. ऐंशीच्या दशकातले हक्कसोडपत्र, चौघींनी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे. मला तो दिवस आठवतो. घरी पुरणपोळी होती, चौघींना साडीचोळी झाली, आम्हा मुलांना वाटले कसलेसे व्रत असेल. त्या सोडलेल्या हक्कातला काही भाग आज माझ्या नावावर आहे, हे या लेखाच्या वाचकाला माहीत असावे.

चौघींपैकी आता धाकटी आत्याच आहे. ती शिक्षिका होती, अक्षर मोत्यासारखे. हक्कसोडपत्रावर तिच्या सहीच्या जागी आधी माहेरचे आडनाव लिहिलेले आहे. मग ते एका सरळ रेघेने खोडलेले, पुढे सासरचे. आणि खाडाखोड मान्य असल्याबद्दल बाजूला पुन्हा एक लहान सही. त्या लहान सहीत आडनावच नाही. गेल्या दिवाळीला मी तिला तो कागद दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला, मग घडीवर घडी घालत म्हणाली, ‘‘सवयीने लिहिलं गेलं रे.’’